रेडिएटर प्रेशर टेस्टर किट – हीटर कॉइल तिसऱ्यांदा गळायला लागल्यावर घेतलं, चार महिने वापरून लिहितोय

हे किट मी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणलं, बत्तीसशे रुपयांना, बॉक्सवर कुठल्या ओळखीच्या कंपनीचं नाव नाही, निळ्या प्लास्टिकच्या पेटीत एक हातपंप, त्यावर प्रेशर दाखवणारं गेज, एक लवचिक नळी आणि वेगवेगळ्या रंगाचे बारा-तेरा अडॅप्टर, म्हणजे रेडिएटरच्या कॅपच्या जागी बसणारी झाकणं. असली किटं ऑनलाइन पण ढिगाने मिळतात आणि त्याखाली सगळे लिहितात "गुड प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी", पण गाडीला लावून नक्की काय कळलं आणि काय नाही कळलं हे कोणीच लिहित नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मोठं झालंय, पण ज्याच्या गाडीत पायाखालचं कार्पेट परत परत ओलं होतंय त्याने पूर्ण वाचा, पैसे वाचतील.

आधी गाडीचं सांगतो. २००४ची पेट्रोल सेडान आहे, बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. कंपनीचं नाव लिहित नाही कारण दोष गाडीचा नव्हताच. आम्ही वाईला राहतो, आईची बहीण पाचगणीला, त्यामुळे पसरणी घाट महिन्यातून दोन-तीनदा होतोच, आणि पावसाळ्यात त्या घाटात ढग खाली उतरले की समोरची काच आतून पाच मिनिटात पांढरी होते. त्यामुळे "महाराष्ट्रात हीटर लागतो कशाला" हे मला सांगू नका. नुसता एसी काचेवर मारला की आतली वाफ जाते पण काच इतकी गार पडते की बाहेरून धुकं धरायला लागतं, मग वायपर मारत बसा. एसी चालू आणि सोबत हीटर, म्हणजे कोरडी आणि कोमट हवा, याने काच खरी स्वच्छ राहते. आमच्यासाठी ती सेफ्टीची गोष्ट आहे.

तर कंपनीची मूळ हीटर कॉइल (डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि हीटरची हवा गरम होते) सतरा वर्षं टिकली. मग एक दिवस गाडीत गोडसर वास यायला लागला, काचेवर आतून चिकट थर, पुसला तरी तेलकट राहायचा, आणि आई डावीकडे पुढे बसते तिच्या चपला ओल्या. गॅरेजवाल्याने डॅशबोर्ड उतरवला, कॉइल बदलली, मजुरी धरून साडेसहा हजार गेले. चालतंय, सतरा वर्षं झाली होती. पण ती दुसरी कॉइल चौदा महिन्यांत गळली. परत डॅशबोर्ड, परत पैसे. तिसरी आठ महिन्यांत. आणि डॅशबोर्ड दोनदा उतरवला की त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात, मग गाडी खड्ड्यातून गेली की सगळं खडखडतं, बाबांनी इतकी जपलेली गाडी अशी वाजताना ऐकून मला फार वाईट वाटायचं.

तिसऱ्या वेळी गॅरेजमध्ये मला तीन सल्ले मिळाले. एक, डुप्लिकेट माल आलाय, दुसऱ्या कंपनीची टाकू. दोन, एसीचं पाणी असेल, ड्रेनची नळी तुंबली असेल. तीन, हीटर बायपास करून टाका, दोन होज (रबरी नळ्या) एकमेकांना जोडून देतो, दोनशे रुपये. एकाने तर रेडिएटरमध्ये हळद टाका म्हणून सांगितलं, ट्रकवाले टाकतात म्हणे. हळद काय किंवा लिकेज बंद करायची पावडर काय, घाटात अडकला असाल तर घरी पोचायला ठीक आहे एकवेळ, पण हीटर कॉइलच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो चोथा पहिला तिथेच जाऊन बसतो, गळती थांबते न थांबते, हीटर मात्र कायमचा थंड.

एसीच्या पाण्याचं मात्र खरंच तपासण्यासारखं आहे, कारण दोन्ही पाणी त्याच जागी पडतं. पांढरा टिश्यू पेपर ओल्या कार्पेटवर दाबा. एसीचं पाणी असेल तर स्वच्छ, बिनवासाचं, वाळून जातं. कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते रंगीत लिक्विड) असेल तर पेपरला रंग येतो आणि बोटांना बुळबुळीत लागतं. माझा पेपर हिरवा झाला. (चाखून वगैरे बघू नका, कूलंट विषारी असतं, आणि चव गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, गाडीखाली सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारून धुवून टाका.)

मग आमच्या शेजारचे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अरे तू कॉइल बदलतोयस, पण कॉइल कशाने मरतेय ते कोणी बघितलंय का?" खरंच कोणी बघितलं नव्हतं, मी पण नाही. त्यांच्या सांगण्यावरून किट घेतलं.

आता किट वापरायचं कसं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बघायची, गरम रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही. कॅप काढायची, आपल्या गाडीला बसणारा अडॅप्टर लावायचा, आणि पंप मारून तितकंच प्रेशर द्यायचं जितकं कॅपवर छापलेलं असतं. माझ्या कॅपवर ०.९ होतं, म्हणजे ०.९ बार, गेजवर साधारण १३ पीएसआय. जास्त मारायचं नाही, जुन्या गाडीत चांगले असलेले जोड पण सुटतील. मग वीस मिनिटं थांबायचं आणि काटा बघायचा. इंजिन गरम झाल्यावर सिस्टीममध्ये जे प्रेशर असतं ते आपण थंड असताना देतोय, एवढाच खेळ आहे, त्यामुळे हात न भाजता शांतपणे टॉर्च लावून सगळीकडे बघता येतं.

पहिल्याच टेस्टला काटा दहा मिनिटांत १३ वरून ५ वर. मी घाबरलो, म्हटलं इंजिनच गेलं. काका म्हणाले आधी किट तपास. साबणाचं पाणी लावलं तर अडॅप्टर आणि नळीच्या जोडावर फुगे! किटचीच ओ-रिंग कडक होती. हार्डवेअरच्या दुकानातून दहा रुपयांची रबरी रिंग आणून टाकली. ही या किटची सगळ्यात मोठी चूक आहे आणि यासाठीच मी एक स्टार कापतोय, कारण ज्याला माहीत नाही तो या काट्यावर विश्वास ठेवून नको ते पार्ट बदलेल. घेतल्या घेतल्या पहिलं काम, किट कुठल्यातरी चांगल्या, न गळणाऱ्या गाडीला लावून बघा काटा थांबतो का. मी भावाच्या नव्या गाडीला लावून बघितलं, रिंग बदलल्यावर अर्धा तास काटा हलला नाही, मग माझी गाडी घेतली.

आता वीस मिनिटांत १३ चे ९ झाले. बाहेर कुठेच ओलं नाही, वॉटर पंपाखाली कोरडं, रेडिएटर कोरडा, सगळे होज कोरडे. मग खरी टेस्ट. इंजिनच्या मागच्या भिंतीतून हीटरला जाणारे दोन होज असतात, ते दोन्ही दाबून बंद करायचे. पक्कडीने डायरेक्ट दाबू नका, जुना रबर चिरतो, मी दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि कापड लावून क्लॅम्प मारला. परत १३ पर्यंत पंप केला. अर्धा तास, काटा १३ वर. क्लॅम्प सोडले, काटा खाली यायला लागला. म्हणजे गळती हीटर कॉइलमध्येच, बाकी सगळी सिस्टीम टाइट. डॅशबोर्डचा एकही स्क्रू न उघडता हे कळलं. या एका गोष्टीसाठी किटचे पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणतो, कारण आजपर्यंत प्रत्येक वेळी "आधी खोलून बघू" याचेच तीन-साडेतीन हजार जात होते.

याच किटने कॅप पण तपासता येते, एक दोन्ही बाजूंनी बसणारा जोड येतो त्यात. कॅप ०.९ च्या आसपास उघडली पाहिजे, जाम झालेली असेल तर सिस्टीममध्ये प्रेशर वाढत जातं आणि सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे हीटर कॉइल, आधी फुटतो. माझी कॅप बरोबर उघडत होती. दुसरी शंका हेड गॅस्केटची, म्हणजे सिलिंडरच्या वर इंजिनच्या दोन भागांमध्ये असलेल्या पॅकिंगची, ते गेलं की सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरून प्रेशर वाढवतो. त्याची टेस्ट या किटमध्ये नाही. निळ्या लिक्विडचं वेगळं टेस्टर येतं, रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची, एक्झॉस्टचा गॅस असेल तर निळं पिवळं होतं. काकांच्या ओळखीच्या गॅरेजमधून आणलं, निळं ते निळंच राहिलं. म्हणजे प्रेशरने फुटत नाहीये.

इथे किटचं काम संपतं. गळती कुठे आहे ते हे दाखवतं, का आहे ते दाखवत नाही. आणि मी पहिली दोन वर्षं नेमका तो "का" माहीत नसल्यामुळेच पैसे घालवत होतो.

तिसरी कॉइल काढल्यावर मी ती गॅरेजवाल्याला भंगारात टाकू दिली नाही, घरी आणली आणि हॅक्सॉने उभी कापली. आतमध्ये पांढरी पावडर, खरवडली तर नखात येत होती, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आतून खड्डे खड्डे पडून कागदासारख्या पातळ. तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढी आरपार भोकं. प्लास्टिकची टाकी जिथे पत्र्यात दाबून बसवलेली असते तो जोड एकदम शाबूत. काका म्हणाले, प्रेशरने गेली असती तर या जोडावर गेली असती, बाहेरून घासून गेली असती तर भोकाच्या कडा बाहेरून चकचकीत दिसल्या असत्या, ही आतून खाल्ली आहे. जुनी कॉइल कापून बघायला एक रुपया लागत नाही आणि आजपर्यंत मला कुठल्याच गॅरेजमध्ये कोणी हे करून दाखवलं नाही.

आतून दोन गोष्टी खातात. एक पाणी, दुसरी वीज.

पाण्याचं माझ्याच लक्षात आलं. पहिली कॉइल बदलली तेव्हा गॅरेजमध्ये बोअरचं पाणी भरलं आणि वरून लिटरभर कूलंट ओतलं, माझ्या डोळ्यासमोर, मला तेव्हा काही वाटलं नाही. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, अ‍ॅल्युमिनियमला ते चालत नाहीत, आणि असं पाणी वीज पण चांगली वाहून नेतं. कूलंटमध्ये गंज न धरण्यासाठी जी औषधं असतात ती त्या पातळ मिश्रणात पुरणारच नाहीत. साधं हिरवं कूलंट तसंही दोनेक वर्षांत थकतं.

विजेचं काकांनी सांगितलं, आणि ती टेस्ट करायला साडेतीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवायची, कुठल्या धातूला टेकू द्यायची नाही. ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.३ च्या वर गेला तर काहीतरी चुकतंय. इंजिन बंद ठेवून बघा, स्टार्टर मारताना बघा, मग चालू ठेवून एकेक गोष्ट लावत जा, लाइट, पंखा, एसी, म्युझिक सिस्टीम. (कॅप उघडी असल्यामुळे हे थंड इंजिनवर आणि पटकन करायचं, गरम होऊ द्यायचं नाही, आणि फॅनपासून हात आणि वायरी लांब.)

माझ्या गाडीचे आकडे असे आले. सगळं बंद असताना ०.१२. चालू इंजिनला ०.१९. एसी, हेडलाइट, थोडंसं इकडेतिकडे. फॉग लॅम्प लावले आणि मीटर ०.४८! बंद केले, परत ०.१९. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तसंच. आणि स्टार्टर मारताना क्षणभर ०.७ च्या वर.

फॉग लॅम्प आम्ही घाटासाठीच लावून घेतले होते, मूळ कॉइल जायच्या साधारण वर्षभर आधी. ज्याने लावले त्याने दोन्ही दिव्यांची अर्थिंगची वायर जवळ सापडला म्हणून रेडिएटरच्या ब्रॅकेटच्या बोल्टला दिली होती. बोल्ट गंजलेला, त्यामुळे बॉडीला नीट अर्थ मिळत नव्हती आणि करंटचा काही भाग रेडिएटर आणि कूलंटमधून इंजिनकडे वाट शोधत होता, आणि त्या वाटेवर जे सगळ्यात पातळ अ‍ॅल्युमिनियम ते झिजत होतं. दिवे मला कायम पिवळट मंद वाटायचे, मी बल्बला दोष देत होतो. स्टार्टरच्या वेळचा आकडा दुसऱ्या कारणाने, गिअरबॉक्सपासून बॉडीला येणारी जाड अर्थिंगची पट्टी काढली तर बोल्टखाली सगळा हिरवा-पांढरा गंज.

काम काय केलं, तर फॉग लॅम्पची अर्थ रेडिएटरवरून काढून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला नेली, अर्थिंगची पट्टी नवीन टाकली, खालचा रंग आणि गंज घासून चकचकीत करून मग बोल्ट आवळला. एकूण साडेतीनशे रुपये आणि एक रविवार. दिवे आता पांढरे लख्ख पडतात. एका वायरमनने मध्येच सुचवलं होतं की हीटर कॉइललाच एक अर्थची वायर मारून टाका म्हणजे प्रश्न मिटला, ते अजिबात करू नका, कॉइल रबरी होजच्या मध्ये असते म्हणून थोडीतरी वेगळी असते, तिला अर्थ दिली की करंटला तिच्यातून जायला सरळ रस्ताच मिळतो.

मग पाणी. हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवून सिस्टीम साध्या पाण्याने धुतली, मग बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन गरम करून, गार झाल्यावर काढून, असं तीनदा, कारण ड्रेन उघडला तरी इंजिनच्या पोटात जुनं पाणी राहतंच. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. पाच लिटरचे चार कॅन लागले पाण्याचे. सगळं भरून झाल्यावर मल्टीमीटर परत लावला, बंद असताना ०.०४, फॉग लॅम्प लावून ०.०७, स्टार्टर मारताना ०.१ च्या आत. अजून एक बारीक गोष्ट, बॅटरीची वायर काढूनही मीटर व्होल्ट दाखवत राहिला तर तेवढे व्होल्ट वायरिंगचे नाहीत, कूलंटच खराब होऊन आतल्या धातूंमध्ये वीज तयार करतंय, त्यासाठी कूलंट बदला. माझ्या जुन्या पाण्यात ०.१ इतकं तर त्याचंच होतं.

नवी, म्हणजे चौथी कॉइल, अ‍ॅल्युमिनियमचीच टाकली कारण मापाची तीच मिळाली. पुण्याला नाना पेठेत तांब्या-पितळेची बनवून देणारे आहेत असं ऐकून चौकशी केली होती, ती झाळून दुरुस्त करता येते हा फायदा खरा, पण किंमत जवळपास दुप्पट. आणि डॅशबोर्ड बंद करायच्या आधी किट लावून तास भर प्रेशर धरून ठेवायला लावलं. गॅरेजवाला थोडा कंटाळला, पण हे कराच, सगळं बसवून झाल्यावर होजची एखादी क्लिप ढिली निघाली तर परत सगळं उतरवायचं.

किटबद्दल राहिलेलं. गेज चांगलं आहे, काकांच्या जुन्या गेजशी लावून बघितलं, अर्ध्या पीएसआयचा फरक. अडॅप्टरवर नुसते नंबर आहेत, कुठल्या गाडीला कुठला ते लिहिलेलं नाही, लावून बघत बसावं लागतं, माझ्या गाडीला ५ नंबर बसला. नळी आखूड आहे, एकट्याने पंप मारत गेज बघताना बोनेटखाली वाकून राहावं लागतं. सोबत हवा ओढून कूलंट भरायचं एक साधन येतं, त्याला कॉम्प्रेसर लागतो, घरी उपयोग नाही, मी गाडीचं तोंड चढावर ठेवून हीटर फुल गरम करून हवा काढली, नीट निघाली. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा, काही बारीक भोकं इंजिन गरम झाल्यावरच उघडतात, थंड टेस्टला काटा हलत नाही तरी पाणी कमी होतंय असं असेल तर रात्रभर प्रेशर लावून ठेवा, किंवा गाडी थोडी कोमट असताना परत करा.

बायपास करायचाच असेल कोणाला तर तेवढ्यापुरतं सांगतो, दोन होज एकमेकांना जोडा, बूच मारून बंद करू नका, काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना पाणी त्याच वाटेने फिरतं.

पाचपैकी चार. वर्षातून एकदा वापरायचं असेल तर तीन-चार मित्रांत मिळून घ्या. पण किटसोबत मल्टीमीटर घेतलाच पाहिजे, आणि आधी घ्यायला पैसे एकाचेच असतील तर आधी मल्टीमीटर, विशेषतः गाडीत बाहेरून लावलेला हॉर्न, दिवे, अ‍ॅम्प्लिफायर असं काहीही असेल तर.

सध्याची परिस्थिती म्हणजे नवी कॉइल टाकून साडेतीन महिने झाले, त्यात पूर्ण श्रावण घाटात गेला. बोनेटखालच्या कूलंटच्या बाटलीवर मी परमनंट मार्करने रेघ मारलीये, लेव्हल रेघेवरच आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मल्टीमीटर लावतो, काल ०.०५ होता. आठ महिने पूर्ण झाले की परत किट लावून आकडा इथेच टाकतो.